सोनमचं पान

१० जुलै २००५, रविवार

पुण्याच्या शिबिरातल्या बाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, प्रयोग रोज करायचा, सुट्टी नाही. दोन, प्रयोग करणाऱ्यानं रोजनिशी ठेवायची, कुणाला न दाखवण्याची, म्हणजे माणूस खोटं लिहीत नाही. चौदा वर्षं मी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतोय. हजेरीपुस्तक सोडलं तर रोज नेमानं काही लिहिल्याचं आठवत नाही. तरी वही आणली. दोनशे पानी, कारण अर्धवट काही करायचा माझा स्वभाव नाही.

शिबिराचं नाव 'अध्ययनात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोधन-प्रक्रियांचे दृढीकरण' असं होतं. म्हणताना मध्येच श्वास घ्यावा लागतो. मतलब इतकाच, की जे पोर मागं पडतं त्याला तेच धडे पुन्हा पुन्हा घोकायला लावून उपयोग नसतो. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, बघितलेलं चटकन ओळखणं, एकातून मन काढून दुसऱ्यात घालणं, ही डोक्याची कामं आधी मजबूत करायची. मला ते लगेच पटलं. अंगात ताकद नसताना पोराला आखाड्यात कोण उतरवतं? म्हणून मी त्याचं नाव 'तालीम' ठेवलं.

शाळेनं मला पाठवलं ते शाळेतल्या सहा कच्च्या पोरांसाठी. मी गेलो ते माझ्या पोरीसाठी. हे फक्त इथंच लिहितोय. सोनम अकरा वर्षांची आहे. जूनमध्ये तिला पाचवीला आमच्याच शाळेत घातली. चौथीपर्यंतच्या प्रगतिपुस्तकांवर 'शांत, आज्ञाधारक' असा शेरा आहे, चारही वर्षं तोच. परवा मी तिला मराठीचा धडा वाचायला सांगितला. पहिल्याच ओळीत अडली, घामाघूम झाली आणि म्हणाली, "पप्पा, पाणी पिऊन येतो." परत आलीच नाही.

मास्तरची पोरगी ढ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझा फार जीव जळतो.

१४ जुलै, गुरुवार

रोज साडेपाच ते साडेसहा अशी वेळ ठरवली. आतल्या खोलीत टेबल भिंतीला लावून घेतलं, सोनमचं तोंड भिंतीकडं राहील असं. दाराला आतून कडी. निशा, म्हणजे माझी बायको, बाहेरच्या खोलीत लोकांचे ब्लाऊज शिवते. तिचं मशीन खडखडतं तेवढाच काय तो अडथळा.

"कडी कशाला? पोरगी काय पळून चाललीया?" तिनं विचारलं. मी तिला एकाग्रता म्हणजे काय ते समजावलं.

आजच्या नोंदी. मी आकडे म्हणायचे, सोनमनं ते उलटे म्हणायचे: चार आकड्यांपर्यंत बिनचूक. मी वस्तूंची यादी एकदा वाचायची, तिनं क्रमानं सांगायची: बारापैकी अकरा. अक्षरांच्या तक्त्यात घड्याळ लावून सगळे 'म' शोधायचे: तीसपैकी अकरा, आणि वर सहा 'भ' पकडून आणले. अनोळखी उतारा वाचणे: मिनिटाला नऊ शब्द. सगळ्याची सरासरी काढली तर चित्र तितकं वाईट दिसत नाही. सरासरी काढायची कल्पना माझी.

२१ जुलै, गुरुवार, आषाढी पौर्णिमा

आजपासून आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला वसाहतीतली माणसं जमतील. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ग्रंथ दरवर्षी तोच. माझे वडील शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होते. त्यांना सहीपुरतीसुद्धा अक्षरं येत नव्हती, पण वाचणाऱ्यानं एक वाक्य गाळलं तरी मागून त्यांचा आवाज यायचा, "थांबा." तसली चार-पाच माणसं अजून आहेत. तानाबाई आत्ती त्यांतली एक, पंचाहत्तरीच्या पुढची.

कुणी कुठल्या दिवशी वाचायचं ते आकाराम तात्या ठरवतात. शेवटच्या दिवसाचं पान मानाचं. गेली चार वर्षं ते मी वाचतोय. आज तात्यांनी माझं नाव घेतलं तशा तानाबाई आत्ती म्हणाल्या, "दर साली मास्तरच कशाला? यंदा मास्तरच्या लेकीनं वाचावं की. आमच्यातलं बाईमाणूस कवा वाचणार मग?"

बायका हसल्या, माणसांनी माना डोलावल्या. निशानं लांबून माझ्याकडं बघत नको, नको अशी मान हलवली. मी नको म्हणू शकलो असतो. घसा, परीक्षा, काहीही कारण चाललं असतं. पण मी म्हणालो, "वाचेल की. का नाही वाचणार?" आणि तेही खणखणीत. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सोनम घरी येताना एकदाच बोलली. "पप्पा, माईकवर वाचायचं?"

२८ जुलै, गुरुवार

पंचगंगा शहरात शिरलीय. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, शाळांना सुट्टी. आमची वसाहत उंचावर, म्हणून खालच्या गल्ल्यांतली बिऱ्हाडं विहारात मुक्कामाला आहेत. ग्रंथवाचन थांबलंय. सगळ्यांचं सगळंच थांबलंय. तालीम तेवढी चालू आहे. शाळा नाही म्हणून आता दिवसातून दोनदा घेतो.

दुपारी सोनम म्हणाली, "विहारात पोरं खेळायल्यात. मी जाऊ?"

"सहा आकडे उलटे आले की जा," मी म्हणालो.

सहा आकडे आले तेव्हा पावणेसात झाले होते. अंधारलं होतं, मग जाऊ दिलं नाही. पण सहा आले. बाईंनी सांगितलं होतं, सहा म्हणजे मोठ्या माणसाइतकं. मला इतका आनंद झाला की मी दोन कप चहा प्यालो.

५ ऑगस्ट, शुक्रवार

पाणी उतरतंय. भिंतींवर चिखलाच्या रेघा राहिल्यात.

शिबिराच्या कागदात लिहिलंय, मुलाची भीती जावी म्हणून वाचायचं पान त्याला आदल्या दिवशी सांगावं. तसं सुरू केलं आणि फरक दिसायला लागला! आज पानभर वाचलं तिनं, दोनच ठिकाणी अडली. मी "शाबास" म्हणालो, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाजल्यासारखं झालं. आता रोज स्वतःहून विचारते, "पप्पा, उद्याचं पान कुठलं?"

गोडी एकाची दुसऱ्याला लागते हे खरं. निशा हल्ली मशीनवर बसली की पुस्तक समोर उभं करून मोठ्यानं वाचत असते. लग्नाला तेरा वर्षं झाली, पेपरचं पान कधी उलटलं नव्हतं बाईनं. मी म्हटलं, मनात वाच की. तर म्हणाली, "मला मोठ्यानं वाचल्याबगर कळत न्हाई." सोनम तिच्या पायाशी ब्लाऊजला हुक लावत बसलेली असते. आईलाही मदत होते आणि पोरीच्या कानावर चार शब्द पडतात.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

आजची गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहितो. सोनम वाचत असताना लाईट गेली. खोलीत काळोख. तरीही तिनं पुढच्या अडीच ओळी न अडखळता वाचल्या आणि मग एकदम गप्प झाली. म्हणजे तिची नजर आवाजाच्या अडीच ओळी पुढं असणार! शिबिरात नजरेच्या पल्ल्यावर एक तास व्याख्यान झालं होतं, ते मला आज समजलं.

बोट मात्र अजून मागं राहतं. आवाज ओळीच्या शेवटी पोचतो तेव्हा बोट मध्यावर कुठंतरी असतं. जुनी सवय, जाईल हळूहळू.

आजच्या नोंदी: उलटे आकडे सात. यादी पंधरापैकी पंधरा. 'म' तीसपैकी बारा. पान मिनिटाला ऐंशी शब्द. अनोळखी उतारा घेणं मी आता बंद केलंय, उगीच तिची उमेद खचते.

५ सप्टेंबर, सोमवार

शिक्षक दिनाला हेडसरांनी, म्हणजे शंकरप्पा सरांनी, सोनमला सगळ्या स्टाफसमोर वाचायला उभं केलं. पान कालच सांगितलेलं होतं. पोरीनं असं वाचलं की मराठीच्या बाईंनी डोळे पुसले. जुलैत मिनिटाला नऊ, आज पंच्याऐंशी. हेडसर उठून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "माजगावकर, तुम्ही आमच्या शाळेचं नाव काढलंत बघा. अहवाल लिहा. माझ्या सहीनं वर पाठवतो. बावीस ऑक्टोबरला जिल्ह्याचा शिक्षक मेळावा आहे, तिथं मुलीसकट दाखवू."

दोन दिवसांनी पेपरवाला फोटो काढायला येणार आहे. वडील असते तर! दुपारी स्टाफरूममध्ये मी बराच वेळ उगीचच खिडकीशी उभा होतो.

सोनमला विचारलं, मेळाव्याला काय घालशील? ती म्हणाली, पोटात दुखतंय.

१३ सप्टेंबर, मंगळवार

फोटो आला. आम्ही दोघं, मध्ये पुस्तक. वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे बोलतात. ज्यांची पोरं नापास होतात ते आईबाप रस्त्यात अडवतात. एका बाईनं तर माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकलो.

सगळं चांगलं चाललेलं असताना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं का वाटतं? अहवालात 'अनोळखी उतारा' असा एक रकाना आहे. तो रिकामा ठेवलाय. नंतर भरीन.

सोनमचं पोट रोज पाच वाजता दुखतं. ओव्याचा अर्क दिला, जंताचं औषध दिलं. गेल्या आठवड्यात एका दुपारी निशा म्हणाली, "मला तुमास्नी काय सांगायचं हाय." मी म्हटलं, अहवाल संपू दे, रविवारी बोलू. रविवारी ती बोललीच नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी शाळेतून लवकर आलो तर घरात गॅसचा वास. नळी तडकली होती. निशा तानाबाई आत्तींना घेऊन दवाखान्यात गेलेली. मी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मेकॅनिकला आणायला निघालो. सोनम पाचला शाळेतून येणार, आल्याबरोबर चहा टाकणार, हे लक्षात आलं. म्हणून मोठ्या अक्षरांत कागद लिहून स्वयंपाकघराच्या दारावर डकवला: 'नळी गळतेय. गॅस सुरू करू नकोस. शेगडी पेटवू नकोस.'

मेकॅनिक मिळायला उशीर झाला. त्याला घेऊन आत आलो तर सोनम ओट्याशी. भांड्यात पाणी. रेग्युलेटर फिरवलेला. उजव्या हातात काडी, डाव्या हातात पेटी. मी पळत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. काडी खाली पडली, ओढलेली नव्हती. मेकॅनिकनं रेग्युलेटर बंद केला आणि तो तिथंच भिंतीला टेकून बसला.

मी तिला दंडाला धरून दारापर्यंत ओढत नेलं. कागद तिच्या नाकासमोर धरला. माझा आवाज वसाहतीत सगळीकडं गेला असणार. "हे काय लिहिलंय? दिसत नाही? वाचता येत नाही काय तुला?"

असं आपण पोरांना बोलतोच. त्याला उत्तर नसतं. पोरं मान खाली घालतात.

सोनम म्हणाली, "न्हाई येत."

३० सप्टेंबर, शुक्रवार

निशाला सगळं माहीत होतं. ती रोज मशीनवर बसून दुसऱ्या दिवशीचं पान सोनमला वाचून दाखवत होती. दोन-तीनदा ऐकलं की पोरीला पाठ. ओळ कुठं संपते, पान कुठं उलटायचं, हेसुद्धा आई सांगून ठेवायची. जवळजवळ दोन महिने माझ्या नाकासमोर हे चाललं होतं, आणि मी त्याला वाचनाची गोडी म्हणत होतो. मागची पानं चाळली. लाईट गेल्याची नोंद वाचून मान वर करवेना.

मी निशावर ओरडलो. ती मशीन थांबवून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "झालं तुमचं? आता ऐका. चार वरसांत तुमी तिला पयल्यांदा शाबास म्हणालासा. ती लय घाबरलीती म्हणून मी एक डाव पान ऐकवलंतं. दुसऱ्या दिवशी ती हसत आली की वो माझ्याकडं, पुस्तक घिऊन. ते हसू मोडायचं कुणी? तुमीच सांगा."

"मला सांगायचंस."

"दोनदा सांगाय आलतो. एकदा तुमचा अहवाल, एकदा तुमचा फोटू. पोरगी तुमच्या तोंडाकडं बघून वाचतीया, पुस्तकाकडं न्हाई, हे मास्तरला कळूने?"

ऐकलेलं धरून ठेवायची पोरीची ताकद मी रोज तासभर राबून वाढवली, चार आकड्यांवरून सातावर नेली, आणि वाचता येत नाही हे तिनं त्याच ताकदीवर माझ्यापासून लपवलं. ती तालमीत कुठंही कमी पडली नाही. तिच्या डोळ्यांचं काय चाललंय हे मी सरासरीत बुडवून टाकलं.

आज अनोळखी उतारा घेतला. मिनिटाला दहा शब्द.

२ ऑक्टोबर, रविवार

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. विहारात पंधरा दिवसांनी पान आहे. मेळावा वीस दिवसांवर. अहवाल हेडसरांच्या सहीनं गेलेला आहे, रिकाम्या रकान्यात मी 'समाधानकारक' असं लिहून दिलं होतं. आता माघार घेतली तर लोक मला काय म्हणतील ते राहू दे, पोरीला काय म्हणतील? निदान असं मी स्वतःला सांगतोय. यात पोरीची काळजी किती आणि माझी किती, हे मोजायचा तक्ता शिबिरात दिला नव्हता.

तात्यांकडून शेवटच्या दिवसाचं पान विचारून आलो. कडी लावली आणि मीच सोनमला ते वाचून दाखवलं. तिसऱ्या ऐकण्यात तिला पाठ झालं.

"पप्पा, हे खोटं हाय न्हवं?"

"पौर्णिमेपर्यंत," मी म्हणालो.

"आणि मेळाव्याचं?"

मी तिला पान पुन्हा म्हणायला लावलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

विजयादशमी. दीक्षेचा दिवस म्हणून विहारात गर्दी होती. प्रत्येक माणूस सोनमच्या डोक्यावरून हात फिरवत होता. "सोमवारी येतोय बरं का तुझं वाचन ऐकायला." आजऱ्याहून तिची मावशी खास येणार आहे. सोनम प्रत्येकाला "व्हय" म्हणत होती, आणि दर वेळी माझ्याकडं बघत होती. जेवली नाही. मीही नाही.

शाळेतल्या सहा पोरांचा तास अजून घेतोच आहे. त्यांतल्या एकानं आज म्हटलं, "सर, आमास्नी पण सोनमसारखं येणार न्हवं?" मी फळा पुसायला वळलो.

१६ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी हेडसरांच्या घरी मेळाव्याचं भाषण लिहीत बसलो होतो. विहारात जाता आलं नाही. भाषण चांगलं झालंय.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिणं झालं नाही. आज पहाटे उठून लिहितोय.

विहार भरलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. सोनमला निशानं नवा पांढरा फ्रॉक शिवला होता. तात्यांनी तिचं नाव पुकारलं. ती माईकसमोर उभी राहिली, ग्रंथ उघडला आणि पहिलं वाक्य म्हणाली. तात्या लगेच खुर्चीतून वाकून म्हणाले, "ते काल झालं बाळ. काल मी जरा वाचनाच्या भरात म्होरं गेलो. ह्ये बघ, हितनं वाच." आणि तिचं बोट पुढच्या पानावर नेऊन ठेवलं.

मला आदल्या दिवशी यायला हवं होतं. पण मी भाषण लिहीत होतो.

सोनम त्या पानाकडं बघत राहिली. मग तिनं आईकडं बघितलं. आईनंही ते पान तिला ऐकवलेलं नव्हतं. माईकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. दोनशे माणसं. मागून कुणीतरी म्हणालं, "लाजतीया." तात्या म्हणाले, "वाच की ग, फोटूत आल्यालीस तू." मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसूनच राहिलो. हे लिहायला नको वाटतं, पण तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की हिला चक्कर आली तर बरं होईल.

मग तिनं फ्रॉकचा घोळ मुठीत धरला आणि मुतायला लागल्यावर लहान पोर उभं राहतं तशी पाय जुळवून उभी राहिली. मी उठलो. तिच्या शेजारी गुडघ्यावर बसलो आणि पहिलं वाक्य अर्धं अर्धं करून तिच्या कानात वाचलं. माझ्या लक्षात आलं नाही, पण माईकनं ते सगळं उचललं. ती माझ्या मागून म्हणाली. मी पुढचं अर्धं वाचलं. ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला तिच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. तानाबाई आत्ती हात जोडून, डोळे मिटून म्हणत होत्या. आमच्यात वंदना अशीच घेतात: एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. एकजण सांगतोय, दुसरी म्हणतेय, म्हणजे ही वंदनाच, असं आत्तींना वाटलं असणार. त्यांच्या शेजारच्या बायकांनी हात जोडले. मग त्यांच्या मागच्यांनी. चौथ्या वाक्याला अख्खं विहार सोनमबरोबर म्हणत होतं. ग्रंथाचं पान कधी कुणी असं म्हटलेलं नाही, पण कुणी थांबलंही नाही. मी पानभर वाचलं, एकेक तुकडा करून, आणि दोनशे माणसांनी ते पानभर मागून म्हटलं. सोनमचा आवाज सगळ्यांत वर होता. शेवटी "साधू, साधू, साधू" झालं. मी रडत होतो.

इथपर्यंत ठीक. पुढचंही लिहायला हवं.

तात्यांनी माईक घेतला. "आमच्या मास्तरनं ह्यो नवीन परकार काढलाय, लय झकास! वाचायचं बी आणि समद्यास्नी म्हणाय लावायचं बी. पुढल्या साली रोज असंच." टाळ्या पडल्या. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी हात जोडून हसलो. सुटलो, असं वाटलं. एवढं झाल्यावरही मी हसलो.

घरी येताना निशा पुढं चालत होती, मागं वळून न बघता. सोनम माझ्याबरोबर होती.

"पप्पा, तुमी वाचलंसा. मी नुस्तं म्हणालो. ह्ये वाचणं न्हवं. व्हय की न्हाई?"

"नव्हे."

"मग तात्यास्नी सांगितलं का न्हाईसा?"

त्याच दिवशी, दुपारी

सकाळी तात्यांच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत होते. "किस्ना, तुजा बा बी न्हवता वाचत," ते म्हणाले. "पर त्यो वाचतोय असं कवा म्हणाला न्हाई." मग त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

तिथून शाळेत. हेडसरांनी दार लावून घेतलं.

"माजगावकर, अहवाल माझ्या सहीनं गेलाय. शनिवारी मेळावा आहे. एक उतारा मुलीकडून पाठ करून घ्या. तुम्हीच सांगताय की तिला तीन वेळा ऐकलं की येतं. त्यात कुणाचं काय जातंय?"

गेले पंधरा दिवस मीही हेच म्हणत होतो. त्यांच्या टेबलावरची काच, तिच्याखालचा आमचा फोटो, सगळं बघत उभा राहिलो.

"पोरीचं जातंय, सर," मी म्हणालो.

"तुमचंही जाईल," ते म्हणाले. रागानं नव्हे, काळजीनंच म्हणाले असं मला वाटतं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

अहवालातले वाचनाचे आकडे खरे नाहीत असं पत्र लिहून दिलं. हेडसरांनी ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकलं. मेळाव्याच्या यादीतून माझं नाव गेलंय. सहा पोरांचा तास चित्रकलेच्या सरांना दिलाय. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणी थांबतात. वाण्यानं विचारलं, "काय सर, पोरीचं काय ऐकतोय?" मी म्हटलं, खरं ऐकताय.

तोंड लपवावंसं वाटतं, पण कोल्हापूर एवढंसं आहे. त्यातल्या त्यात एक बरं झालं. काल पाच वाजता सोनमचं पोट दुखलं नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

आज कागद, घड्याळ, तक्ते, काही घेतलं नाही. दार उघडं ठेवलं. बाहेर निशाचं मशीन चालू होतं. मराठीचं पुस्तक सोनमसमोर ठेवलं आणि म्हणालो, "वाचू नकोस. तुला हे कसं दिसतं तेवढं सांग."

तिनं सवयीनं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. हीसुद्धा कसली तरी चाचणी असेल असं वाटलं असणार. मग हळूहळू बोलायला लागली.

"ओळ संपली की खालची घावत न्हाई. घावली तर ती मगाचचीच असतीया. आणि एक एक अक्षर लावत शब्दाच्या शेवटाला गेलो की पयलं अक्षर इसरतोय. ऐकल्यालं न्हाई इसरत. बघितल्यालं इसरतोय. आणि 'भ' आणि 'म' मला एकच वाटतंय पप्पा. सगळी येगळं म्हणत्यात म्हणून मी बी येगळं म्हणतो."

"कधीपासून?"

"पयलीपासनं."

मशीन थांबलं होतं. निशा दारात येऊन उभी राहिली होती. पाच वर्षं झाली, एकाच घरात राहतो आम्ही. मी मास्तर आहे. मला एवढंच विचारता आलं, "मग मला कधी सांगितलं का नाहीस ग?"

माझ्या विचारण्याचं सोनमला खरंच नवल वाटलं असावं.

"तुमी कुठं इच्यारलंसा?" ती म्हणाली. "तुमी दर वक्ताला परीक्षाच घेतलीसा."